छताला टेकलेली ड्रेसिना छाटायची कशी? उसाचं बेणं ओळखणाऱ्याला अवघड नाही

तलवाडा (ता. गेवराई) : सत्काराला हार-तुऱ्याऐवजी रोपटे देण्याची पद्धत आता गावोगावी रुजली आहे. गृहप्रवेश असो, निरोप समारंभ असो की दुकानाचे उद्घाटन, कुंडीतले एखादे हिरवे झाड हातात येतेच. त्यात ड्रेसिना बऱ्याचदा असते. मक्यासारखी लांब पाने आणि मधोमध पिवळा पट्टा, नाहीतर बारीक खोडावर लाल काठाच्या पात्यांचा झुबका. पहिले वर्ष झाड देखणे दिसते. पुढे दोनपैकी एक होते. एक तर ते पाच-सहा फूट वाढते, खाली नुसता दांडा आणि वर शेंडीसारखी चार पाने उरतात. नाहीतर पानांची टोके करपून झाड जागच्या जागी झुरते. घरचे लोक दोन्ही वेळा एकच उपाय करतात, आणखी एक तांब्या पाणी. झाड जातं ते तिथंच.

खालची पाने पिवळी होऊन गळणे हा रोग नाही. उसाला खालून पाचट होते, तसाच हा प्रकार. वरून नवे पान येत असेल आणि खालून एखाददुसरे वाळत असेल, तर काळजीचे कारण नाही. वाळलेले पान खाली ओढून काढावे. त्याखाली खोडावर गोल वळ दिसतो. हा वळ नीट पाहून ठेवावा, छाटणीचे सगळे गणित त्यावर आहे.

उसाच्या कांडीवर पेर असते आणि पेरावर डोळा. टिपरी लावली की डोळा फुटतो. ड्रेसिनाच्या खोडावरही प्रत्येक वळाजवळ असे झोपलेले डोळे असतात. शेंडा जागेवर आहे तोवर ते गप्प बसतात, कारण शेंड्यातून उतरणारी संप्रेरके त्यांना दाबून धरतात. शेंडा उडवला की कापाच्या खालचे एक, दोन, कधी तीन डोळे जागे होतात. एका दांड्याचे दोन-तीन फाटे होतात ते असे. म्हणून उंच झालेल्या झाडाला कापायला भ्यायचे कारण नाही. छातीएवढे झाड गुडघ्याएवढे केले तरी मुळे धड असतील तर ते फुटते.

वेळ मात्र साधावी. मृगाचा पाऊस पडून हवेत ओल आली की छाटणीला सर्वांत चांगले. फेब्रुवारीअखेरही चालते. मे महिन्यात पत्र्याच्या घरात झाड आधीच हैराण असते आणि डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत डोळे फुटायला फार वेळ लागतो. डाळिंब-मोसंबी छाटायचे सिकेटर घरात असेल तर तेच वापरावे, पण आधी स्पिरिटने पुसून. बागेतला रोग कुंडीत यायला एक काप पुरतो. वळाच्या बोटभर वर, किंचित तिरपा, एकाच दाबात काप घ्यावा. विळ्याने ओरबाडू नये. काप आपोआप सुकतो. त्यावर पाणी साचू दिले नाही म्हणजे झाले. कोंब दिसायला तीन ते सहा आठवडे लागतात. तोवर पाने नसल्यामुळे झाडाला पाणीही कमी लागते, हे विसरू नये.

एका कुंडीत तीन दांडे असतील तर तिन्ही एकदम कापू नयेत. एक कापावा, तो फुटला की दुसरा. झाड आधीच अशक्त असेल तर थोडी पाने राखावीत. छाटणी आणि कुंडी बदलणे ही दोन्ही कामे एकाच दिवशी करू नयेत.

कापलेला शेंडा टाकून द्यायचा नाही. खालची पाने काढून तो ओलसर कोकोपीटमध्ये किंवा वाळू मिसळलेल्या मातीत खोचावा, महिना-दीड महिन्यात मुळे धरतो. मधल्या दांड्याच्या चार-सहा इंचाच्या टिपऱ्या करता येतात. उभी लावताना खालची बाजू खालीच राहिली पाहिजे, उलटी लावलेली टिपरी रुजत नाही. खूण म्हणून खालचा काप तिरपा आणि वरचा सरळ ठेवावा. ज्याला वर-खाली कळेना त्याने उसासारखी आडवी लावावी. गळालेल्या पानापासून मात्र ड्रेसिना होत नाही. नर्सरीतून जाड ओंडक्याची ड्रेसिना आणली असेल, तर तो ओंडका उंच होत नाही, वाढतात ते बाजूचे कोंब. कापायचे तेच.

टोके का करपतात?

इथे खरा प्रश्न पाण्याचा आहे, पण कमी पाण्याचा नाही. ड्रेसिनाला फ्लोराईड सोसत नाही. बीडसह मराठवाड्याच्या काही भागांत भूजलात फ्लोराईड आढळते, आणि बोअरच्या पाण्यात क्षार असतात ते वेगळेच. कुंडीतले पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. पानाच्या टोकाशीही तेच होते, म्हणून जळण्याची सुरुवात टोकापासून होते. कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसत असेल तर समजून घ्यावे.

पाणी रात्रभर उघडे ठेवले तर त्यातला क्लोरीन उडतो, फ्लोराईड उडत नाही. उकळल्याने तर ते आणखी दाट होते. पावसाचे पाणी धरून ठेवता आले तर उत्तम, नाहीतर जारचे पाणी चालते. आरओ मशीनमधून बाहेर पडणारे पाणी वाया जाऊ नये म्हणून अनेक जण ते कुंडीत ओततात. हेतू चांगला, पण सगळे क्षार नेमके त्याच पाण्यात एकवटलेले असतात. ते फरशी पुसायला वापरावे. घरात उघडलेली सुपर फॉस्फेटची गोणी असते, त्यातली मूठही कुंडीत टाकू नये, त्या खतातही फ्लोराईड असते.

करपलेले टोक पुन्हा हिरवे होत नाही. शोभेसाठी पानाच्या आकारात कात्रीने कापावे, कडेला वाळकी रेघ ठेवून.

आता दुष्काळी भागात ऐकायला बरी वाटेल अशी गोष्ट. घरातली ड्रेसिना पाण्यावाचून मरण्यापेक्षा पाण्यानेच जास्त मरते. बोट दोन पेरे मातीत घालून पाहावे, कोरडे लागले तरच पाणी. हिवाळ्यात दहा-पंधरा दिवसांनी पुरते. रोज पाणी घातले की मुळे कुजतात, आणि कुजकी मुळे पाणी ओढत नसल्याने पाने सुकल्यासारखी दिसतात. ते पाहून घरचे पुन्हा पाणी घालतात! खोड दाबून पाहावे. मऊ लागले तर वरचा घट्ट भाग कापून नवीन लावणे एवढाच इलाज उरतो.

त्यातून आपल्याकडची काळी माती. शेतात सोने, कुंडीत चिखल. निम्मी माती, निम्म्यात वाळू, कोकोपीट आणि जुने शेणखत घ्यावे. (गेवराई तालुक्यात वाळूची बातमी वेगळ्याच कारणाने होते, कुंडीला चार मुठीच लागते.) कुंडीला भोक हवेच. जागा खिडकीजवळ, उजेडाची, पण थेट ऊन नको आणि कूलरचा झोतही नको. पानांवरची धूळ ओल्या फडक्याने पुसावी. बेचक्यात कापसासारखे पांढरे दिसले तर तो पिठ्या ढेकूण. स्पिरिटच्या बोळ्याने पुसला की जातो.

‘लकी बांबू’ म्हणून विकतात तोही बांबू नाही, ड्रेसिनाच आहे. तो पाण्यात ठेवतात, म्हणून त्याची काळजी डेंग्यूच्या दिवसांत जास्त. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. आठवड्याच्या कोरड्या दिवशी रांजणाबरोबर ही बरणीही रिकामी करून घासावी. पिवळा पडलेला दांडा लगेच काढावा, तो बाकीच्यांनाही कुजवतो.

ड्रेसिना हवा शुद्ध करते, असे विकणारे सांगतात. १९८९ मध्ये ‘नासा’ने बंद पेटीत झाडे ठेवून केलेल्या चाचण्यांवरून हे पसरले. दारे-खिडक्या उघड्या असलेल्या घरात दोन कुंड्यांनी काही फरक पडत नाही. एक जपावे, कुत्र्या-मांजरांनी ही पाने खाल्ली तर त्यांना उलट्या होतात. छाटलेला पाला त्यांच्या तोंडाला लागेल असा अंगणात टाकू नये.