नारा येथील महाबुद्ध

जपानच्या जुन्या राजधान्यांमध्ये क्योतोचे नाव सर्वांच्या तोंडी असते. परंतु क्योतोपूर्वी राजधानीचा मान नारा या नगरीला मिळाला होता. इ. स. ७१० साली ती वसविण्यात आली आणि ७८४ पर्यंत, मधली थोडी वर्षे सोडली तर, देशाचा कारभार येथूनच चाले. पूर्वेकडील वनराईच्या कुशीत कासुगाचे देवालय आहे. तेथील दैवत पांढऱ्या हरणावर बसून आले, अशी लोकांची श्रद्धा आहे. त्यामुळे हजाराहून अधिक हरणे या नगरीत निर्भयपणे हिंडत असतात. कोणी बिस्किट पुढे केले, की त्यांपैकी कित्येक चक्क मान लववितात!

पण नारा नगरीचे खरे भूषण म्हणजे तोदाईजी हे मंदिर आणि त्यातील वैरोचन बुद्धाची प्रचंड मूर्ती. ती सुमारे १५ मीटर उंच असून बैठ्या स्थितीत आहे. मंदिरातील एका खांबाला तळाशी एक आरपार भोक आहे. ते महाबुद्धाच्या नाकपुडीएवढे आहे असे म्हणतात, आणि त्यातून एखादा मुलगा सहज सरपटत पलीकडे जाऊ शकतो. यावरून मूर्तीच्या भव्यतेची कल्पना येईल.

ही मूर्ती घडविण्याचा संकल्प सम्राट शोमू याने ७४३ साली सोडला. त्यापूर्वी काही वर्षे जपानमध्ये देवीची भयंकर साथ येऊन गेली होती. पाठोपाठ दुष्काळ आणि बंडाळीही झाली होती. प्रजेला धीर यावा, ही राजाची इच्छा होती. त्याच्या आज्ञापत्रात एक विशेष गोष्ट होती. कोणी गवताची एक काडी किंवा मूठभर माती घेऊन आला, तरी त्याला या कामात सहभागी करून घ्यावे, असे त्याने कळविले होते. ग्योकी नावाचा वृद्ध भिक्षू गावोगाव फिरून लोकांना या कार्याचे महत्त्व सांगू लागला.

एवढी मोठी मूर्ती एकाच वेळी ओतणे शक्य नव्हते. कारागिरांनी प्रथम मातीची पूर्णाकृती मूर्ती केली व तिच्यावरून बाहेरचे साचे काढले. मग मूळ मूर्ती थोडी तासली आणि साचे पुन्हा भोवती बसविले. मधल्या पोकळीत वितळलेले तांबे ओतले. हे काम तळापासून वर आठ टप्प्यांत झाले. एक टप्पा पुरा झाला, की भोवती मातीचा भराव घालावयाचा आणि वरच्या पातळीवर नव्या भट्ट्या पेटवावयाच्या! ग्योकी मात्र ७४९ साली वारला. पूर्ण झालेली मूर्ती त्याला दिसली नाही.

७५२ साली मूर्तीचे नेत्र रेखाटण्याचा समारंभ झाला. हा मान मिळाला एका भारतीयाला! दक्षिण भारतातून चीनमार्गे जपानला गेलेला बोधिसेन नावाचा भिक्षू हाती कुंचला घेऊन पुढे झाला. त्या कुंचल्याला लांबच लांब दोर बांधलेला होता. तो दोर धरून जमलेल्या लोकांनीही त्या पुण्यकार्याला आपला हात लावला. तो कुंचला आणि तो दोर आजही नारा येथील शाही भांडारात जपून ठेवलेले आहेत.

पुढे ११८० साली युद्धाच्या धुमाळीत मंदिर भस्मसात झाले व मूर्ती वितळून विद्रूप झाली. तेव्हा साठी उलटलेल्या चोगेन नावाच्या भिक्षूने जीर्णोद्धाराचा भार उचलला. दूरच्या पर्वतांतून प्रचंड वृक्ष तोडून, नद्यांना बांध घालून, ते पाण्यावरून वाहून आणले. त्याने उभारलेले दक्षिण महाद्वार अजून उभे आहे. त्यातील आठ मीटरांहून उंच असे दोन लाकडी द्वारपाल उन्केई, काईकेई व त्यांच्या सहकाऱ्यांनी १२०३ साली अवघ्या ६९ दिवसांत घडविले.

१५६७ साली मंदिर पुन्हा आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. या वेळी महाबुद्धाला दीर्घ काळ उघड्यावर, ऊनपाऊस सोशीत बसावे लागले. पावसात आपल्या डोक्यावर छत्री आहे, पण बुद्धाच्या मस्तकावर काही नाही, हे पाहून कोकेई नावाच्या तरुण भिक्षूचे मन कळवळले, अशी कथा सांगतात. त्याने १६८४ पासून वर्गणी गोळा करण्यास आरंभ केला. पुरेसे धन नव्हते. पूर्वीसारखे मोठे वृक्षही उरले नव्हते. म्हणून मंदिराची रुंदी सुमारे ८६ मीटरांवरून ५७ मीटरांवर आणावी लागली. छपराच्या दोन मोठ्या तुळयांसाठी तर थेट क्यूशू बेटावरून वृक्ष आणावे लागले. १७०५ साली कोकेई मरण पावला आणि १७०९ मध्ये मंदिर पूर्ण झाले. तेच आज उभे आहे. आकार कमी करूनही ते जगातील सर्वांत मोठ्या लाकडी इमारतींत गणले जाते.

मूर्तीचे मस्तक आता सतराव्या शतकातील आहे. मूळच्या ओतकामाचे काही अंशच उरले आहेत. आसनाच्या कमलदलांवर त्या काळी कोरलेली चित्रे अजून पाहावयास मिळतात. दरवर्षी ७ ऑगस्टला सकाळी भिक्षू व इतर भाविक पांढरी वस्त्रे नेसून जमतात. काही जण महाबुद्धाच्या तळहातावर आणि मांडीवर चढतात, तर काही जण छतापासून सोडलेल्या दोरांच्या आधाराने त्याच्या मुखाशी लोंबकळत वर्षभराची धूळ झाडतात.