माहेरचा झोका आणि सातबाऱ्याचा उतारा

परक्याने केलेला अन्याय ओळखण्यास विद्वत्ता लागत नाही. २०२५ सालच्या ऑगस्ट महिन्यात अमेरिकेने हिंदी मालावरील जकात पन्नास टक्क्यांवर नेली, आणि त्याच महिन्यात आपल्या सरकारने परदेशी कापसावरील अकरा टक्के आयातकर तात्पुरता उठविला. पुढे ती सवलत डिसेंबरअखेरपर्यंत वाढविण्यात आली. कापूस पिकविणाऱ्या खानदेशास या दोन्ही बातम्यांचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागला नाही. बलवान आपल्या बळाच्या जोरावर दुर्बळाचा वाटा कमी करतो, हे आमच्या पेठेतील लहानसा अडत्याही जाणतो व त्याचा त्यास यथार्थ संताप येतो. हा संताप रास्तच आहे. आमचे म्हणणे एवढेच की, ज्या तराजूने आपण राष्ट्राराष्ट्रांमधील व्यवहार जोखतो, तोच तराजू घरात भाऊ-बहिणींच्या व्यवहारासही लावून पाहावा. आजचा लेख त्याच हेतूने लिहिला आहे.

जगाच्या उलाढाली आमच्या घरांत शिरू लागल्या त्याला दीडशेहून अधिक वर्षे झाली. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू असता तिकडील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांस मिळेनासा झाला आणि वऱ्हाड-खानदेशच्या कापसास सोन्याचा भाव आला. त्याच दशकात आगगाडीचा रस्ता चाळीसगावावरून भुसावळकडे गेला. युद्ध संपताच भाव कोसळले. तेजीत काढलेली कर्जे मंदीत अंगावर आली आणि कित्येकांच्या जमिनी सावकारांकडे गेल्या. मिसिसिपीच्या काठची लढाई गिरणाकाठच्या कुटुंबाची वाटणी करू शकते, हा धडा आमच्या पूर्वजांनी असा प्रत्यक्ष घेतला. परंतु या साऱ्या चढउतारांत एक गोष्ट मात्र अचल राहिली. तेजी असो वा मंदी असो, कुटुंबाच्या जमिनीत मुलीचा वाटा शून्यच होता.

खानदेशात आखाजीचा सण म्हणजे लेकींचा सण. सासरी गेलेली मुलगी माहेरी येते, झाडास झोके बांधले जातात, पुरणाच्या पोळ्या व आमरस होतो, आणि चार दिवस ती पुन्हा लहान होते. या प्रेमात खोट आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण झोका ज्या झाडास बांधला ते झाड, आणि झाड ज्या बांधावर उभे आहे तो बांध, यांत तिचे काय आहे, असा प्रश्न विचारताच घरात अवघड शांतता पसरते. वडील निवर्तल्यावर सातबाऱ्यावर वारसांची नोंद लागते. तीत कायद्याने मुलींचीही नावे येतात. आणि मग दिवसकार्य उरकून फार दिवस लोटत नाहीत तोच बहिणींस दुय्यम निबंधकांच्या कचेरीत सहीसाठी बोलावणे जाते. त्या कागदाचे नाव हक्कसोडपत्र. सही करून बाहेर पडताना भाऊ साडीचोळी करतो. ती साडी किती एकरांची पडली, याचा हिशेब कोणी करीत नाही.

हा आमचा सनातन धर्मच आहे, असे म्हणणाऱ्यांनी धर्मशास्त्राचा व न्यायालयांचा इतिहास पाहावा. नीलकंठ भट्टाच्या व्यवहारमयूखाच्या आधारे मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी बहिणीस वारसांच्या मालिकेत इतर प्रांतांहून जवळचे स्थान दिले होते, आणि वारसाने मुलीकडे आलेली मिळकत तिच्या पूर्ण मालकीची मानली होती. म्हणजे स्त्रीच्या हाती जमीन असणे ही कल्पना या भूमीस परकी नव्हती. अडचण होती ती एकत्र कुटुंबाच्या मिळकतीची. तेथे जन्मसिद्ध हक्क केवळ पुत्राचा, आणि बहुतेक जमीन याच सदरात मोडणारी! १९३७ साली विधवांस मर्यादित हक्क देणारा कायदा झाला. पण तो शेतजमिनीस लागू होत नाही, असा निर्णय १९४१ साली फेडरल कोर्टाने दिला. ज्या देशाची संपत्तीच शेतजमीन, त्या देशात अशा कायद्याची किंमत काय राहिली असेल, हे वाचकांनीच ठरवावे.

येथे आमच्या गावाशी निगडित अशी एक आठवण सांगणे प्राप्त आहे. १९२९ सालच्या ऑक्टोबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर धुळ्याचे काम आटोपून चाळीसगावी उतरले, तेव्हा त्यांचा टांगा हाकण्यास येथील टांगेवाल्यांनी नकार दिला. अननुभवी हातांत लगाम गेला, वाटेत अपघात झाला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेविली आहे. ज्यांस या गावाने साधा टांगा नाकारला, त्याच गृहस्थांनी पुढे देशाचे कायदेमंत्री या नात्याने हिंदू कोड बिल हाती घेऊन, आम्हां सर्वांच्या मुलींस मुलांच्या बरोबरीचा वाटा मिळावा म्हणून लोकसभेच्या पूर्वसूरी सभागृहात वर्षानुवर्षे झुंज दिली. ते बिल बाजूस पडले आणि २७ सप्टेंबर १९५१ रोजी त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. आपल्या मुलींचा कैवार घेणाऱ्यास आपण काय दिले होते, याचा विचार चाळीसगावकरांनी तरी एकदा अवश्य करावा.

पुढे १९५६ साली हिंदू वारसा कायदा झाला. पण एकत्र कुटुंबाचा गड शाबूतच राहिला. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलीस सहदायाद केले, परंतु त्या तारखेपूर्वी विवाह झालेल्यांस वगळले. अखेर ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने विवाहित-अविवाहित हा भेद मोडून मुलीस जन्मतः पुत्राइतकाच हक्क मिळाला. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या तेवढ्या कायम राहिल्या. वडील २००५ साली हयात असलेच पाहिजेत की काय, हा वादही ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात मिटविला. तशी अट नाही, असा निर्वाळा त्या न्यायालयाने दिला. सारांश, कायद्याचे काम बहुतांशी झाले आहे. उरले आहे ते आमचे.

या हक्काविरुद्ध जे आक्षेप नेहमी ऐकू येतात, त्यांचा आता विचार करू. पहिला आक्षेप असा की, जमिनीचे तुकडे होतील. तुकडे तर तीन भावांतही होतात. परंतु तुकडे टळावेत म्हणून धाकट्या भावाने हक्कसोडपत्र लिहून द्यावे, असे आम्ही आजवर ऐकिले नाही. शिवाय एक वारस आपला हिस्सा विकू लागल्यास तो विकत घेण्याचा अग्रहक्क इतर वारसांस वारसा कायद्याच्या कलम २२ ने दिला आहे, आणि तो शेतजमिनीसही लागू आहे असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली ठरविले आहे. म्हणजे जमीन एकत्र ठेवून बहिणीस तिच्या हिश्श्याचे मोल देण्याचा मार्ग खुला आहे. दुसरा आक्षेप लग्नखर्चाचा. हुंडा देणे-घेणे १९६१ पासून गुन्हा आहे. त्या गुन्ह्याची रक्कम वाटणीत वजा घालणे हा न्यायाचा अजब प्रकार होय. आणि साधा लग्नखर्च काढावयाचा, तर मुलाच्या शिक्षणाचा, नोकरीसाठी केलेल्या खटपटीचा व त्याच्याही लग्नाचा खर्च त्याच वहीत मांडला पाहिजे.

तिसरा आक्षेप हृदयास हात घालणारा आहे. वाटा मागितला की माहेर तुटते, असे आयाबहिणीच सांगतात. आम्ही विचारतो, जे माहेर सही मिळेपर्यंतच टिकते, ते तुटले की मुळातच नव्हते? आणि माहेराची सर्वाधिक गरज जिला लागते, ती नवऱ्याने टाकलेली किंवा अकाली वैधव्य आलेली बहीण. तिच्या नावे दोन एकर असते, तर भावाच्या दारी ती आश्रित म्हणून न येता मालकीण म्हणून आली असती.

चौथा आक्षेप काळाचा आहे. शेतीत आता उरतेच काय, अमेरिकेची जकात, आयातीचा मारा, अवकाळी पाऊस, मग बहिणीस द्यावयाचे काय? तेजीत मिळकत मोलाची म्हणून देववत नव्हती, मंदीत ती कवडीमोल म्हणून देववत नाही! भागीदारीत नफ्याप्रमाणे तोटाही वाटून घेतात, हे आमच्या व्यापारी वाचकांस सांगणे नको. शेती तोट्याची असेल तर त्या तोट्याचा खरा जमाखर्च बहिणीपुढे मांडावा. परंतु भागीदार वहीतूनच खोडून टाकू नये. व्यापारी बंधूंस आणखी एक गोष्ट सुचवितो. १९२२ च्या आयकर कायद्यापासून एकत्र हिंदू कुटुंब हा स्वतंत्र करदाता मानला जातो व त्याचा लाभ पुष्कळ पेढ्या घेतात. आयकर खात्यापुढे ज्या कुटुंबाचे एकत्व आपण मोठ्या आवडीने सिद्ध करतो, त्या कुटुंबात मुलगीही येते, हे वाटणीच्या दिवशी विसरणे शोभत नाही.

ही गोष्ट अव्यवहार्य नाही. शेजारच्या नाशिक जिल्ह्यात चांदवड येथे नोव्हेंबर १९८६ मध्ये शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन भरले, आणि पुढील काही वर्षांत शरद जोशी यांच्या 'लक्ष्मीमुक्ती' कार्यक्रमात अनेक शेतकऱ्यांनी स्वखुशीने पत्नीच्या नावे जमीन केली. त्यांस कोणत्या न्यायालयाचा हुकूम नव्हता. जपानात तर महायुद्धानंतर १९४७ साली नागरी कायदाच बदलला, घराण्याच्या कर्त्याची सत्ता गेली आणि मुलामुलींस समान वारसा मिळाला. त्यामुळे ते राष्ट्र लयास गेल्याचे कोणी पाहिले नाही.

तेव्हा आमच्या सूचना साध्या आहेत. बहिणीपुढे कागद ठेवण्यापूर्वी तिला सातबारा वाचून दाखवावा, तिच्या हिश्श्याचे आजचे मोल सांगावे आणि विचारास सवड द्यावी. त्यानंतर तिने समजून-उमजून हक्क सोडला, तर ते तिचे औदार्य. न समजता सोडविला, तर ती फसवणूक होय. फसवून घेतलेले पत्र न्यायालयातून रद्द करून मागता येते, मात्र फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा लावावा लागतो, हे बहिणींनीही ध्यानी ठेवावे. वडीलधाऱ्यांनी तर हयातीतच मुलामुलींस समोर बसवून हिशेब सांगावा. मेल्यावर उघडणाऱ्या भांडणांपैकी बरीचशी त्यानेच मिटतील. जगाच्या दरबारात आमच्या राष्ट्रास समान हिस्सा मिळावा, ही आमची मागणी न्याय्य आहे, आणि ती आम्ही करीतच राहू. परंतु ती करणाऱ्याच्या घरचा सातबारा स्वच्छ असला, तर तिला अधिक वजन येईल यात शंका नाही.