फोर्ड टी-५

फोर्ड टी-५ हे फोर्ड मस्टँग या अमेरिकन मोटारगाडीचे पश्चिम जर्मनीतील विक्रीनाव होते. १९६० च्या दशकाच्या मध्यापासून १९७९ पर्यंत ही गाडी तेथे या नावाने विकली जात असे. एकाच वस्तूला देशपरत्वे वेगळे नाव का घ्यावे लागते, याचे हे एक ठळक उदाहरण होय.

पार्श्वभूमी

फोर्ड कंपनीने १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्क येथील जागतिक प्रदर्शनात मस्टँग सादर केली. लांब बॉनेट, आखूड मागील भाग, बेताची किंमत आणि हवे असल्यास शक्तिशाली व्ही-८ इंजिन ही तिची वैशिष्ट्ये होती. ती अल्पावधीत लोकप्रिय झाली व युरोपातही निर्यात होऊ लागली.

नावाचा प्रश्न

'मस्टँग' म्हणजे उत्तर अमेरिकेतील रानटी घोडा. मात्र पश्चिम जर्मनीत वाहनांसाठी या नावाचा हक्क क्रुप या उद्योगसमूहाकडे होता. त्याचा एक मालट्रक याच नावाने विकला जात असे. व्यापारचिन्हाचा हक्क सामान्यतः ज्या देशात नोंदणी झाली असेल त्या देशापुरता असतो. त्यामुळे अमेरिकेत मिळालेली कीर्ती फोर्डला येथे उपयोगी पडली नाही. क्रुपने सुमारे १०,००० डॉलरला नाव विकण्याची तयारी दर्शविली होती, असे सांगितले जाते. परंतु फोर्डने ते विकत घेतले नाही. त्याऐवजी मस्टँगच्या विकासकाळातील 'टी-५' हे सांकेतिक नाव स्वीकारण्यात आले. क्रुपने १९६८ मध्ये मालट्रकचे उत्पादन थांबविले, तरी नावाचा हक्क कायम राहिला. तो संपुष्टात आल्यावरच ही गाडी जर्मनीत मस्टँग म्हणून विकता आली.

गाडीतील बदल

मूळ रचना व इंजिने अमेरिकन मस्टँगप्रमाणेच होती. बाह्यांगावरील व चाकांच्या झाकणांवरील 'मस्टँग' ही अक्षरे काढून बाजूंवर 'टी-५' चिन्ह लावले जाई. दर्शनी जाळीवरील धावता घोडा मात्र तसाच राहिला. हक्काची अडचण शब्दापुरती होती, चित्राची नव्हती. वेगमापकावर मैलांऐवजी किलोमीटरचे आकडे असत. अमेरिकेतील सर्वसाधारण गाडीत इंजिनकक्षाला बळकटी देणारे दोन सुटे आधार असत. १९६० च्या दशकातील निर्यातीच्या गाड्यांत त्यांच्या जागी एकसंध पोलादी आधार बसविला जाई.

ओळख

जर्मनीत तैनात असलेल्या काही अमेरिकन सैनिकांनी टी-५ खरेदी करून मायदेशी नेल्या. वाहन क्रमांकात टी-५ साठी स्वतंत्र खूण नसते आणि नावाची चिन्हे नंतरही बसविता येतात. त्यामुळे अस्सल गाडी ओळखताना केवळ चिन्हांवर विसंबून चालत नाही. दरवाजावरील माहितीपट्टीवरचा निर्यातीचा संकेतांक व मूळ कागदपत्रेही तपासावी लागतात. नाव गमावलेली ही मस्टँग आज त्या उणिवेमुळेच संग्राहकांना मोलाची वाटते.