स्त्रीच्या जगाचा मालक कोण?

परदेशी पॉप गायिकेच्या एका गाण्यावरून तिच्याच चाहत्यांत तट पडावेत, हा विषय या पानावर चर्चा करण्याइतका गंभीर आहे काय, अशी शंका काही वाचकांच्या मनात येईल. प्रस्तुत लेखकालाही ती प्रथम आली होती. परंतु पदवीच्या वर्गात बाजारातील विश्वासार्हतेचा प्रश्न शिकवीत असता विद्यार्थिनींनीच या गाण्याचे उदाहरण काढले आणि तास संपेपर्यंत वर्ग दुभंगला. एकीच्या मते स्त्रीने स्त्रीचा गौरव केला, यात वाईट काय? दुसरीचे म्हणणे असे की, हा गौरव नसून माल खपविण्याची युक्ती आहे. वादाचे मूळ संगीतात नव्हते. ते अर्थशास्त्रात होते. म्हणूनच हा प्रपंच.

गाणे अमेरिकन गायिका केटी पेरी हिचे. ‘वूमन्स वर्ल्ड’ या नावाने ते ११ जुलै २०२४ रोजी प्रसिद्ध झाले. ही गायिका सामान्य नव्हे. २०१० च्या ‘टीनेज ड्रीम’ या तिच्या अल्बममधील पाच गाणी अमेरिकेच्या ‘बिलबोर्ड’ यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. तोपर्यंत हा पराक्रम केवळ मायकेल जॅक्सनच्या नावावर होता. नोव्हेंबर २०१९ मध्ये ती नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर गाऊन गेली, तेव्हा आपल्याकडील तरुणांनीही तिला भरभरून दाद दिली होती. ‘फायरवर्क’ आणि ‘रोअर’ या गाण्यांनी खचलेल्या मुलामुलींना धीर दिला, असे तिचे चाहते आजही सांगतात. ‘रोअर’ २०१३ साली पहिल्या क्रमांकावर पोहोचले होते. अकरा वर्षांनंतरचे हे नवे स्त्रीगीत मात्र त्याच यादीत ६३ व्या क्रमांकापलीकडे गेले नाही. असे का व्हावे?

घोषणा आणि श्रेयनामावली

चाहत्यांच्या प्रतिक्रिया एकसुरी नव्हत्या. काहींना नाचण्याजोगी चाल पुरेशी वाटली. काहींना शब्द जुनाट वाटले. स्त्री बलवान आहे, सुंदर आहे एवढेच सांगायचे, तर ते दहा वर्षांपूर्वीच सांगून झाले होते. परंतु सर्वांत तीव्र आक्षेप गाण्याच्या श्रेयनामावलीवर होता. सहलेखक आणि निर्माता म्हणून तीत डॉ. ल्यूक ऊर्फ लुकाझ गॉटवाल्ड याचे नाव होते. गायिका केशा हिने २०१४ साली या निर्मात्यावर लैंगिक अत्याचाराचे आरोप करून आपल्या करारातून मुक्तता मागितली होती. त्याने आरोप सातत्याने नाकारले आणि उलट अब्रुनुकसानीचा दावा लावला. २०२३ च्या जून महिन्यात दोघांत समेट झाला. म्हणजे हे आरोप न्यायालयात सिद्ध झालेले नाहीत, हे नि:संदिग्धपणे नमूद केले पाहिजे.

तरीही चाहत्यांचा प्रश्न उरतोच. स्त्रीच्या जगाचा जयजयकार करावयाचा होता, तर सहकारी निवडताना हेच नाव का? आपल्या अनेक सहकाऱ्यांपैकी तो एक आहे आणि गाणी आपल्या स्वत:च्या अनुभवातून आली आहेत, असे उत्तर पेरीने पुढे एका मुलाखतीत दिले. ते खोटे मानण्याचे कारण नाही. पण ते पुरेसेही वाटले नाही.

पेरीचा पक्ष घेणाऱ्या चाहत्यांचा युक्तिवादही दुर्लक्षण्याजोगा नाही. याच निर्मात्याबरोबर डोजा कॅट या गायिकेने केलेले ‘से सो’ हे गाणे २०२० साली पहिल्या क्रमांकावर गेले. तेव्हा एवढे वादळ उठले नाही. शिवाय जाब नेहमी स्त्रीलाच का विचारावा? तिला करारबद्ध करणाऱ्या कंपनीला का नाही? हा प्रश्न रास्त आहे. मात्र दोन गाण्यांत एक भेद आहे. ‘से सो’ने स्त्रीमुक्तीचा दावा केला नव्हता. ज्या मालावर शुद्धतेची मोहोर मारलेली असते, त्याचीच ग्राहक कसोटी घेतो.

जुने भित्तिपत्रक, नवी चित्रफीत

या गाण्याच्या चित्रफितीत पेरी आरंभी ‘रिव्हेट ठोकणारी रोझी’ होऊन अवतरते. ही प्रतिमा दुसऱ्या महायुद्धातील. डोक्याला रुमाल बांधून दंड दाखविणाऱ्या कामगार स्त्रीचे ते प्रसिद्ध चित्र वेस्टिंगहाऊस कंपनीने १९४३ च्या फेब्रुवारीत आपल्याच कामगारांचा हुरूप टिकावा म्हणून जेमतेम दोन आठवडे कारखान्यांत लावले होते. त्याला स्त्रीमुक्तीच्या प्रतीकाची प्रतिष्ठा मिळाली ती चार दशकांनंतर. युद्ध संपताच सैनिक परतले आणि त्या स्त्रियांपैकी असंख्य जणींना यंत्रांपासून दूर सारण्यात आले. समान वेतनाचा कायदा होण्यास १९६३ साल उजाडावे लागले. २०२३ सालीदेखील वर्षभर पूर्णवेळ काम करणाऱ्या अमेरिकन स्त्रीची मध्यक कमाई पुरुषाच्या शंभर डॉलरमागे सुमारे ८३ डॉलर इतकीच होती.

चित्रफितीवर टीका होताच, हा सारा उपहास आहे, असा खुलासा पेरीने केला. उपहास असेलही. परंतु जो उपहास मागाहून समजावून सांगावा लागतो, तो प्रेक्षकांपर्यंत पोहोचलेला नसतो.

खर्चिक खूण

येथे अर्थशास्त्रातील एक सिद्धान्त उपयोगी पडतो. विकणाऱ्याला मालाचा खरा दर्जा ठाऊक असतो, घेणाऱ्याला नसतो. अशा वेळी घेणारा खुणा शोधतो. मायकेल स्पेन्स या अर्थशास्त्रज्ञाने १९७३ साली दाखवून दिले की, जी खूण पटविण्यास काही किंमत मोजावी लागते आणि जी दांभिकाला परवडत नाही, तीच विश्वसनीय ठरते. फुकटची खूण कोणीही दाखवू शकतो. म्हणून तिच्यावर कोणी विसंबत नाही.

हेलन रेड्डी हिचे ‘आय अ‍ॅम वूमन’ १९७२ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा स्त्रीमुक्तीचे नाव घेणे धंद्याच्या दृष्टीने सोयीचे नव्हते. गाणे आरंभी यादीच्या तळाशीच राहिले. ते त्या वर्षीच्या डिसेंबरात पहिल्या क्रमांकावर पोहोचले. पुढे ग्रॅमी पुरस्कार स्वीकारताना तिने ईश्वराचे आभार स्त्रीलिंगी सर्वनाम वापरून मानले, तेव्हा तिच्यावर रोषही ओढवला. तिने किंमत मोजली होती. आज तेच शब्द बाजारात सर्वांत सुरक्षित आहेत. साबणापासून मोटारीपर्यंत सारे काही ते वापरून विकले जाते. शब्द स्वस्त झाले, म्हणून ग्राहक शब्दांमागचे व्यवहार तपासू लागला. यात चाहत्यांचा चंचलपणा नाही, शहाणपणा आहे.

मालकीचा प्रश्न

आणि व्यवहार तपासू लागले की मालकीपाशी यावे लागते. अरीथा फ्रँकलिनचे १९६७ चे ‘रिस्पेक्ट’ हे स्त्रीच्या आत्मसन्मानाचे गाणे म्हणून जगभर गाजले. ते मूळचे ओटिस रेडिंगचे. अमेरिकन कायद्यानुसार आकाशवाणीवर ध्वनिमुद्रण वाजले की मानधन गीतलेखकाला मिळते, गाणाऱ्याला नाही. म्हणजे नभोवाणी केंद्रांनी अर्धशतकभर वाजविलेल्या त्या गाण्यापोटी त्यांच्याकडून अरीथाला गायिका म्हणून एक छदामही मिळाला नाही. सन्मान तिने मागितला. मानधन लेखकाच्या खात्यात गेले.

पेरीने २००८ ते २०२० या काळातील आपल्या पाच अल्बमांमधील हक्क २०२३ साली एका गुंतवणूक कंपनीला विकले. प्रसिद्ध वृत्तांनुसार रक्कम साडेबावीस कोटी डॉलर होती. तो तिचा अधिकार आहे आणि तिने चांगला भाव घेतला. परंतु कोणा मुलीला धीर देणारे ‘रोअर’ आता कोणाच्या तरी ताळेबंदातील मत्ता आहे, हेही खरे. ध्वनिमुद्रणाच्या खोलीतील स्थितीही बोलकी आहे. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या पाहणीनुसार अलीकडच्या लोकप्रिय गाण्यांच्या निर्मात्यांत स्त्रिया शंभरात दहादेखील नाहीत. जग स्त्रीचे म्हणावयाचे, आणि त्याचा कारखाना मात्र पुरुषांच्या हाती, अशी ही विसंगती आहे. ती एका गायिकेने निर्माण केलेली नाही. तिच्या गाण्याने ती केवळ उघडी पडली. म्हणून सारा राग तिच्यावर काढून स्वस्थ बसणे हा कंपन्यांना मिळालेला स्वस्त दिलासाच होय. शिवाय रागाने ऐकलेल्या गाण्याचीही मोजणी होतेच.

तास संपताना एका विद्यार्थिनीने विचारले, “मग सर, हे गाणे ऐकायचे की नाही?” प्रस्तुत लेखकाने उत्तर दिले ते एवढेच की, जरूर ऐका, फक्त ऐकून झाल्यावर खालची नावे वाचा. गाणे कोणी लिहिले, कोणी घडविले, आणि त्याचे पैसे कोणाकडे जातात? ही सवय एकदा लागली की ती गाण्यापुरती राहणार नाही. उद्या नोकरीचा करार हाती पडेल, तेव्हाही ती उपयोगी पडेल.