विद्यानगर ते दोहा: परक्या मैदानावर भारताची मॅच

मॅच बघायला परदेशी जायचं म्हटलं की घरचे आधी वेड्यात काढतात. पण विद्यानगरकरांनो, हैदराबादच्या शमशाबाद विमानतळावरून दोहा थेट विमानाने साधारण साडेचार तास. रेल्वेने मुंबई गाठायला याच्या तिप्पट वेळ जातो!

जानेवारी २०२४ च्या फुटबॉलच्या एशियन कपमध्ये भारताचे तिन्ही सामने कतारमध्ये झाले. ऑस्ट्रेलियाकडून ०-२, उझबेकिस्तानकडून ०-३, सीरियाकडून ०-१. एकही गोल नाही. तरी अहमद बिन अली स्टेडियममध्ये ‘ब्लू पिलग्रिम्स’ या भारतीय चाहत्यांच्या गटाच्या घोषणा आणि आखातात नोकरी करणारी आपली माणसं, यांच्यामुळे यजमान आपणच आहोत असं वाटावं!

या स्टेडियमला मेट्रोची ग्रीन लाइन घ्यायची, अल रिफा स्टेशनला उतरायचं. अल बैत स्टेडियमपर्यंत मात्र मेट्रो जात नाही. लुसैलला उतरून पुढे बस. व्हिसाचे नियम बदलत राहतात, विमानाचं तिकीट काढायच्या आधी तपासा.

आपल्या हैदराबादचे प्रशिक्षक रहीमसाहेब यांच्या भारतीय संघाला १९६२ मध्ये जकार्तात चाहत्यांच्या पाठिंब्याचं हे सुख नव्हतं. एशियन गेम्सची फायनल, अख्खं स्टेडियम विरोधात, आणि भारतासाठी ओरडायला कोण? पाकिस्तानची हॉकी टीम! पी. के. बॅनर्जी आणि जर्नेल सिंग यांच्या गोलांवर दक्षिण कोरियाला २-१ हरवलं, ते त्याच हुर्योत.