सुरण, खाज आणि एरिशेरी

मेसमध्ये सुरण असला की आमचा मजला उपाशी, कारण घसा खाजतो. दोष मेसच्या काकांचा नाही हो! सुरणात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते टोचतात. आपल्याकडे त्यात चिंच-आमसूल घालतात ते याचसाठी. (हे कॉन्व्हेंटवाल्या मला यंदा कळलं.)

माझा रूम-पार्टनर पालक्काडचा. ओणमला त्याच्या घरी गेलो, तिथे त्याच्या अम्मांकडून एरिशेरी शिकलो. मी शहाणा, सुरण धुऊन ओल्या हातानंच चिरला. मग तासभर नुसता खाजवत बसलो! अम्मा म्हणाल्या, हात कोरडे हवेत, वर खोबरेल चोळायचं.

अर्धा किलो सुरण नि एक कच्चं केळं, फोडी करून हळद, मिरपूड, मीठ घालून अगदी मऊ शिजवा. कच्चट राहिला तर घसा पुन्हा बोंबलणार. अर्ध्या नारळाचं खोबरं जिऱ्याबरोबर भरड वाटून त्यात घाला, एक उकळी आणा. खरी गंमत पुढे आहे. खोबरेल तेलात मोहरी, लाल मिरची, कढीपत्ता टाकून मूठभर खोवलेलं खोबरं चांगलं तांबूस होईपर्यंत परता आणि वर ओता. इथे घाई नको, सगळा वास त्यातच आहे. मी तीनदा भात घेतला.

काका, वर्गणी काढून नारळ आम्ही आणतो. सुरण मात्र तुम्ही चिरा.