समुद्राच्या पोटातील पायऱ्या

वाटूरहून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. पण पायऱ्यापायऱ्यांचे डोंगर आपल्याला नवे नाहीत. जालना जिल्ह्याच्या उत्तरेस अजिंठ्याच्या रांगेत लाव्हाचे थर एकावर एक साचले आणि पुढे झिजत गेले, त्यातून त्या पायऱ्या झाल्या. अशा पायऱ्या समुद्राखालीही असतात. मुंबई-सौराष्ट्रासमोर सुमारे ५० वाव, म्हणजे ९० मीटर खोलीवर एक विस्तीर्ण सपाटी आहे. तिचे कोडे फारसे अवघड नाही. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुगात, समुद्राची पातळी १२० मीटरांनी खाली होती. तेव्हा ही जमीन उघडीच होती.

पण अर्जेंटिनासमोर समुद्रबूड जमीन संपून तळ खोल उतरू लागतो, त्या खंडान्त उतारावर सुमारे ५००, १,२०० आणि ३,५०० मीटर खोलीवर पायऱ्या आहेत. समुद्र इतका खाली कधीच गेला नव्हता. मग त्या घडवल्या कोणी?

खोल समुद्र निश्चल असतो, अशी समजूत पुष्कळ काळ होती. १९६६ साली हीझेन, हॉलिस्टर आणि रुडिमन यांनी उत्तर अमेरिकेच्या पूर्व उताराचा अभ्यास करून दाखवले की, तेथील गाळ उताराला समांतर वाहणाऱ्या खोल प्रवाहांनी रचला आहे.

समांतर का? पाणी उतारावरून खालीच जायला हवे ना! अंटार्क्टिकाजवळ समुद्र गोठताना मीठ मागे उरते. ते थंड, खारट, जड पाणी तळाशी जाते. अर्जेंटिनाच्या उतारावरून ते पूर्वेकडे घसरू पाहते. पण पृथ्वीच्या परिवलनामुळे दक्षिण गोलार्धात ते डावीकडे वळते आणि उताराच्या कडेने उत्तरेस वाहते. उत्तर गोलार्धात वळण उजवीकडे. तेव्हा उत्तर अमेरिकेच्या पूर्व उतारावर हा प्रवाह कोणत्या दिशेने जाईल, ते कागदावर काढून पाहा. (उत्तर: दक्षिणेस.)

अर्जेंटिनासमोर असे निरनिराळ्या घनतेचे थर एकावर एक वाहतात आणि पायऱ्या साधारणपणे त्यांच्या सीमांच्या खोलीवरच सापडतात. बाटलीत तेल व रंगीत पाणी अर्धे अर्धे भरून ती हलकेच तिरकी करा. दोहोंच्या सीमेवर संथ, मोठी लाट उठते. समुद्रातील थरांच्या सीमेवरही अशा लाटा उठतात आणि उतारावर आपटून गाळ ढवळतात. ढवळलेला गाळ प्रवाह वाहून नेतो. जिथे वेग मंदावतो तिथे तो साचतो. एकीकडे झीज, दुसरीकडे भर, असे लक्षावधी वर्षे चालले की पायरी तयार होते.

या गाळाचे नळीने काढलेले नमुने म्हणूनच मोलाचे. वाळू जाड तर प्रवाह जोराचा, चिखल बारीक तर मंद. अशा रीतीने हिमयुगांतील प्रवाहांचा वेग थराथरातून वाचता येतो.